चौथ्या उद्गाराचे मामा

शमुवेलमामांची आणि माझी खरी ओळख झाली ती मी त्यांचं भाषण पळवलं त्या दिवशी. पळवलं म्हणजे मुद्दाम नव्हे. चोरीला निदान थोडी हुशारी लागते. माझ्या हातून झाला तो नुसता वेंधळेपणा.

शुभ शुक्रवारी, म्हणजे ज्याला सगळे गुड फ्रायडे म्हणतात त्या दिवशी, आमच्या नगरच्या चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना असते. ख्रिस्त क्रुसावर होता त्या तीन तासांत त्याने सात वाक्यं उच्चारली, त्यांना आम्ही सात उद्गार म्हणतो. मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, सात जणांना एकेक उद्गार वाटून दिलेला असतो. प्रत्येकाने बारा मिनिटं बोलायचं, मग एक गीत, मग पुढचा माणूस. लोक उपाशी, कपडे पांढरे, बाहेर एप्रिलचं ऊन आणि आत पंखे असे फिरतात की वारा लागण्यापेक्षा आवाजच जास्त. अशा वेळी बारा मिनिटांचं महत्त्व मंडळीला फार असतं. बोलणाऱ्याला नसतं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. त्या वर्षी मंडळीचा सेक्रेटरी झालो आणि पहिल्यांदाच मला उद्गार मिळाला, तिसरा. क्रुसावरून ख्रिस्त आईला शिष्याच्या हवाली करतो, तो. मी इतका हरखलो की तयारी सातही उद्गारांची केली. एका वहीत एकापुढे एक, सुवाच्य अक्षरांत, मास्तरकीला शोभेल अशी. व्यासपीठावर गेलो, समोर चारशे लोक पाहिले, आणि वही वाचत सुटलो. तिसरा उद्गार संपला तसं पान उलटलं आणि न थांबता चौथ्यात शिरलो. चर्चचे पाद्री, म्हणजे आमचे पाळकसाहेब, खोकले. मला वाटलं, धूळ असेल. शेवटी पुढच्या बाकावरून माझ्या बायकोने, शैलाने, रुमाल हलवला तेव्हा भानावर आलो. अठ्ठावीस मिनिटं झाली होती आणि चौथ्या उद्गारातलं एक अक्षरही मी शिल्लक ठेवलं नव्हतं.

चौथा उद्गार होता शमुवेलमामांचा. एक उंच, वाळका, पासष्टीच्या आसपासचा माणूस शेवटच्या बाकावरून उठला. सावकाश चालत पुढे आला. माइकपाशी उभं राहून आधी माझ्याकडे पाहिलं.

"सरांनी माजं बी सांगून टाकलं," ते म्हणाले. "बरं झालं. मला लई थोडं बोलायचं हुतं, आता त्याच्याहून थोडं बोलतो."

लोक हसले. शुभ शुक्रवारी आमच्याकडे कुणी हसत नाही, पण हसले. मग मामा बोलले, आणि चारशे माणसांतलं कुणीही पुन्हा हललं नाही. त्याआधी मी कधी नीट लक्ष दिलं नव्हतं, पण त्या दिवसापासून बारा वर्षं दर वर्षी त्यांचं तेच बोलणं ऐकलं, म्हणून जवळजवळ शब्दश: सांगू शकतो.

"माजी मुलगी मार्था. एकोनीस वर्साची हुती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्साला. कावीळ झाली, नऊ दिवसांत गेली. ह्या मंडळीनं तिच्यासाटी उपास केले, प्रार्थना केली. मी तर गुडघे उचललेच न्हाईत. ती गेली. मी देवाला इचारलं, मला का सोडलंस? त्यानं सांगितलं न्हाई. त्याच्या पोरानं इचारलं, तवा बी सांगितलं न्हाई. शुक्रवारी न्हाई सांगितलं. शनिवारी बी न्हाई. मला एवढंच बोलायचं हुतं. सलाम."

आणि मामा जाऊन जागेवर बसले. अडीच मिनिटं.

आमच्या मंडळीत उद्गारांची वाटणी कशी होते ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिला उद्गार क्षमेचा, त्यावर सगळ्यांचा डोळा, कारण क्षमेवर बोलताना डोळ्यांत पाणी लवकर येतं. दुसरा शेजारच्या क्रुसावरच्या चोराला उद्देशून, तो वर्षानुवर्षं एका निवृत्त फौजदारांकडे होता. पाचवा तहानेचा, तो पाणीपुरवठ्यातल्या एका साहेबांना आवडे. सातवा पाळकसाहेबांचा. चौथा मात्र कुणालाच नको असतो. माझ्या देवा, माझ्या देवा, मला का सोडलंस, हा तो उद्गार. बोलणाऱ्याची पंचाईत अशी की प्रश्न आहे आणि उत्तर नाही. बारा मिनिटं नुसत्या प्रश्नावर काय बोलायचं? म्हणून शमुवेलमामा तो आपणहून मागून घेतात याचा सगळ्यांना आनंदच होता.

मामा मूळचे सोनईजवळच्या एका खेड्यातले. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यावर त्यांनी अठ्ठावीस वर्षं वॉचमनची नोकरी केली आणि तिथेच मागच्या वस्तीत दोन खोल्या बांधल्या. नोकरीची एक सवय त्यांच्या हातांत कायमची राहिली होती. कुठलंही कुलूप दिसलं की ते ओढून बघत. रविवारी उपासना संपली, चर्चला कुलूप लागलं, की सगळे पायऱ्या उतरत आणि मामा परत वर चढत. एकदा ओढायचे, दुसऱ्यांदा ओढायचे, मग खाली यायचे. आमचा शिपाई चिडायचा.

"मामा, मी लावलंय ना! माझ्यावर भरोसा नाही का?"

"भरोसा नसता तर दुसरं कुलूप आनलं आसतं," मामा म्हणायचे. "भरोसा हाय म्हनून तर ओढून बघतोय. ज्याच्या जिवावर झोपायचं, त्याला ओढून बघावं."

एकदा बाहेरगावचे एक प्रचारक आमच्याकडे आले होते. उंची सूट, खणखणीत आवाज. ते म्हणाले, प्रार्थनेचं उत्तर मिळत नाही याचं कारण आपला विश्वास कमी पडतो. नंतर जेवणाच्या पंगतीत मामा नेमके त्यांच्या शेजारी आले. मामांनी त्यांच्या ताटात भात वाढायला सांगितलं, आमटी वाढायला लावली, आणि मग शांतपणे विचारलं, "साहेब, किती लागतो हो?"

"काय किती?"

"इश्वास. म्हंजी किलोवर की लिटरवर? आमच्या पोरीच्या टायमाला मी वजन करून न्हवता आनला. आंदाजानं आनला, कमी पडला आसंल."

प्रचारकांचा घास हातातच राहिला. मी पलीकडे बसलो होतो. मी घाईघाईने विषय बदलला आणि त्यांना विचारलं की तुमच्याकडे पाऊस कसा आहे. जेव्हा जेव्हा माझ्यासमोर कुणी खरं बोललं, तेव्हा मी पावसाची चौकशी केली आहे. भूगोलाच्या मास्तराला ती सोय असते.

मार्था गेल्यानंतर मामा चार वर्षं चर्चमध्ये आले नव्हते, हे मला रूथमामींनी सांगितलं. रूथमामी म्हणजे त्यांच्या पत्नी. मामींनी येणं सोडलं नाही. मग असं व्हायचं की दर रविवारी मामा त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन यायचे, फाटकापाशी उतरवायचे आणि समोरच्या पुलाच्या कठड्यावर बसून राहायचे. मामी आत, मामा बाहेर. दीड तासाने मामी बाहेर आल्या की सायकल परत नागापूरला.

"मी त्यांना म्हनायचे, आत चला," मामी सांगत होत्या. "तर म्हनायचे, तू जा, तुजं त्याच्यासंगं बोलनं हाय. माजं न्हाई."

पाचव्या वर्षी शुभ शुक्रवारी गर्दी मावेना म्हणून मंडळीने बाहेर कर्णा लावला. मामा कठड्यावर बसले होते. त्या काळी चौथा उद्गार कुणाकडे होता ते आता कुणालाच आठवत नाही, आणि तो माणूस काय बोलला तेही मामांना आठवत नव्हतं. त्याने सुरुवातीला शास्त्रातलं ते वाक्य वाचलं, तेवढंच त्यांनी ऐकलं. पुढचं त्यांनीच मला सांगितलं, एकदा चर्चच्या पायऱ्यांवर बसून.

"सर, ते वाक्य माजं हुतं. चार वर्सं मी म्हनत हुतो ते. मला वाटायचं ह्ये आपून एकट्यानंच म्हनलंय, फार मोटं पाप केलंय. आन हितं कर्न्यावर मोट्यानं सांगत्यात की त्यानं आदीच म्हनून ठिवलंय! मग मनात आलं, ह्यो मानूस वळखीचा हाय. ह्याच्या घरात जायला हरकत न्हाई."

"म्हणजे उत्तर मिळालं म्हणायचं," मी म्हणालो. मला सगळ्याचा समारोप करायची सवय आहे.

"उत्तर कुटं मिळालं? संगत मिळाली." मग ते म्हणाले, "आनखी एक बगा. का सोडलंस, आसं म्हनायच्या आदी तो काय म्हनतो? माज्या देवा. आवो, परक्यावर कुनी वरडतं का? मानूस वरडतो घरच्यावर. ज्याला आपलं मानलं न्हाई त्याला कशाला इचारायचं, का सोडलंस म्हनून?"

हे मी आज फार समजून सांगतो आहे. त्या दिवशी मी मान डोलावली आणि पुढच्या वर्षीच्या वहीत टिपून ठेवलं. 

त्या उद्गारानंतर मामा आत आले ते कायमचे, आणि पुढच्या वर्षी त्यांनी चौथा उद्गार मागून घेतला. तेव्हापासून तो त्यांचाच झाला. ते दर वर्षी तेच बोलत. कुणीतरी एकदा त्यांना सुचवलं की शेवटी निदान पुनरुत्थानाचा उल्लेख करा, रविवारी तो उठला, हे सांगा, म्हणजे लोकांना आशा वाटेल. मामा म्हणाले, "रविवारी या की. रविवारी सांगतो. आज शुक्रवार हाय."

आता मला जे सांगायचं नाही तिथे मी आलो आहे. आतापर्यंत मी रेंगाळलो ते त्यामुळेच.

गेल्या वर्षी मंडळीत नवे पाळकसाहेब आले. तरुण, उत्साही, मनाने चांगले. त्यांनी ठरवलं की शुभ शुक्रवारची उपासना मोबाईलवरून सगळीकडे दाखवायची. परगावी गेलेली आपली मुलं बघतील. पंच कमिटीच्या बैठकीत विषय निघाला की मग वक्ते जरा तयारीचे हवेत. कुणीतरी म्हणालं, शमुवेलमामा दर वर्षी तेच बोलतात. दुसरं कुणी म्हणालं, देवाने मला सोडलं असं चर्चमध्ये माइकवरून बोलणं बरं नव्हे, तरुणांच्या विश्वासावर परिणाम होतो. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही जुने आहात. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं ते मला नीट माहीत होतं. पण आठ जण माझ्याकडे बघत होते, आणि आपलं मत विचारलं गेलं की माझी छाती फुगते आणि डोकं बंद पडतं. मी म्हणालो, "मामांचं वयही झालंय. त्यांना विश्रांती देऊ."

"मग चौथा कोण घेईल?"

वही तयारच होती. बारा वर्षांपूर्वीची, सुवाच्य. मी म्हणालो, "वेळ पडली तर मी बघतो."

मामांना सांगायला मी नागापूरला गेलो. ते दारात बसून मामींच्या चपलेचा पट्टा शिवत होते. मी पाणी प्यालो, चहा प्यालो, हवापाण्याचं बोललो. शेवटी मामाच म्हणाले, "सर, काय आनलंय ते ठिवा की खाली. हात दुखत्याल."

मी सांगितलं. ते सुई तशीच धरून बसले.

"व्हय? मग मला कंचा देताय?"

"या वर्षी तुम्ही आराम करा, मामा."

"आराम." त्यांनी तो शब्द एकदा उच्चारून पाहिला. "आन चौथ्यावर कोन बोलनार?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वॉचमन गेटवरच्या नव्या माणसाकडे पाहतो तसं, नीट, वरपासून खालपर्यंत.

"सर, तुमाला कदी सोडलंय का त्यानं?"

मी मनातल्या मनात शोधत होतो. नोकरी वेळेवर लागली, मुलगा शिकला, घराचे हप्ते फिटले. मला काही सापडेना, आणि सापडत नाही याचीच लाज वाटायला लागली.

"न्हाई ना?" मामा म्हणाले. "आसू द्या. चांगलंच हाय की. सोडलं न्हाई ह्ये चांगलंच." आणि पुन्हा पट्टा शिवायला लागले. मी निघालो तेव्हा मामी आतून म्हणाल्या, "सरांना भाजी द्या की थोडी." मामा उठले आणि परसातली मेथीची जुडी माझ्या हातात दिली. ती जुडी घेऊन मी रिक्षात बसलो. चौथा उद्गार घ्यायला गेलो होतो आणि वर मेथीही घेऊन आलो.

शुभ शुक्रवारी मी अठरा मिनिटं बोललो. मूळ अरामी भाषेतला शब्द सांगितला, त्याचा अर्थ सांगितला, जुन्या करारातलं स्तोत्र सांगितलं, मानवजातीचं पाप सांगितलं, आणि शेवटी आवाज चढवून रिकाम्या कबरेपर्यंत गेलो. लोकांनी आमेन म्हटलं. मोबाईलवर पुण्याहून, दुबईहून अंगठे आले. मामा मागच्या बाकावर, नेहमीच्या जागी, पांढऱ्या सदऱ्यात बसले होते. तीन वाजता बाहेर आलो तर पायऱ्यांवर उभे. माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"चांगलं बोललात, सर. पार रविवारपातुर पोचलात."

शैला शेजारी उभी होती. ती हसली नाही. मी हसलो.

जूनमध्ये मामांच्या पोटात दुखायला लागलं. आधी अपचन म्हणून घरगुती औषधं झाली, मग दवाखाना, मग तपासण्या, आणि डॉक्टरांनी मामींना बाजूला बोलावून सांगितलं की आता घरीच न्या. मी बातमी कळल्यावर आठ दिवसांनी गेलो. आठ दिवस का लावले, याची मी बरीच कारणं तेव्हा स्वत:ला दिली. शाळेत चाचणी परीक्षा होती, हे त्यांतलं सर्वांत बरं.

मामा खाटेवर होते. माणूस आधीच वाळका, आता अंथरुणावर नुसती घडी पडल्यासारखा दिसत होता. मामी उशाशी. मी विचारलं, "काही वाचू का, मामा? एखादं स्तोत्र?"

"वाचलं मामीनं. सगळी वाचून झाली." त्यांना दम लागत होता. एकेक वाक्य ठेवून ठेवून ते बोलले. "सर, एक सांगू का? ह्या वर्साला... मनात अडकून बसलंय."

"काय?"

"दर साल बोलून टाकायचो. मोट्यानं, सगळ्यांम्होरं. मला का सोडलंस. येकदा बोललं की मग वरीसभर त्याच्यासंगं नीट ऱ्हाता यायचं. भांडन झाल्यावर घर कसं निवतं, तसं. ह्या साली बोललोच न्हाई. आन आता ह्ये दुखनं. आता रातीला वाटतं... आता खरंच वाटतं, सर. सोडलं म्हनून."

तो माणूस, ज्याने पंगतीत प्रचारकाला गप्प केलं होतं, तो माझ्याकडे भ्यायल्यासारखा बघत होता. आणि मी काय केलं? मी त्यांच्या हातावर थोपटलं आणि म्हणालो, "मामा, काळजी करू नका. पुढच्या वर्षी चौथा उद्गार तुमचाच. मी यादीत आत्तापासूनच नाव लिहितो."

त्यांनी डोळे मिटले. ओठ थोडे हलले. हसले असावेत. "लिवा," म्हणाले.

घराबाहेर आलो, बसथांब्यावर उभा राहिलो, बस आली, बसलो, पत्र्याच्या कारखान्यांच्या रांगा मागे पडल्या, आणि शहरात, दिल्ली दरवाजाच्या अलीकडे कुठेतरी, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला एवढंच म्हणायचं होतं: मामा, आत्ता बोला. मोठ्याने बोला, मी ऐकतोय. चारशे लोक नकोत, माइक नको. एक माणूस खाटेजवळ बसला होता आणि त्याने त्यांना पुढच्या एप्रिलची तारीख दिली. वाटलं, उतरावं, परत जावं. पण घरी पाहुणे येणार होते. उद्या जाऊ, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मामींचा फोन आला.

मातीला अख्खी मंडळी लोटली. एमआयडीसीतले जुने कामगार आले, शेजारचं मुस्लिम कुटुंब आलं, सोनईकडून भाऊबंद टेम्पो करून आले. पाळकसाहेबांनी मनापासून प्रार्थना केली. ते नवे होते, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला सगळं माहीत होतं तो सेक्रेटरी होता, आणि तो हजेरीची वही घेऊन फाटकापाशी उभा होता.

कबरेवर माती पडल्यावर मी मामींजवळ गेलो. म्हणालो, "मामी, मी परत यायला पाहिजे होतं."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते. "पहाटं वरडले," त्या म्हणाल्या. "मला वाटलं दुखतंय म्हनून वरडत्यात. मी उटून पानी आनलं. तर पानी नको म्हनले. वर पत्र्याकडं बगून वरडत हुते. शेजारचं मानूस जागं झालं, एवढ्या मोट्यानं."

"काय म्हणत होते?"

"माज्या देवा."

"आणि पुढे?"

"पुडं न्हाई. निस्तं तेवढंच. माज्या देवा, माज्या देवा. मी वाट बगत हुते, आता पुडचं इचारतील. तेवीस वर्सं ऐकलंय मी. पन पुडचं न्हाई इचारलं. तिसऱ्यांदा म्हनले ते हळू, घरातल्या मानसाला हाक मारत्यात तसं. मग माजा हात धरला आन झोपले." मामींनी पदर नीट केला. "सर, मी इचार करते. पुडचं इचारायचं ऱ्हायलं, का इचारायची गरज ऱ्हायली न्हाई?"

मी भूगोलाचा मास्तर. मला कळलं नाही. पण मामींच्या तोंडाकडे पाहून असं वाटलं की त्यांना कळलं आहे, आणि त्या मला विचारत नाहीत, देत आहेत. गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्या छातीवरचं काहीतरी थोडं सैल झालं. सगळं नाही. माझा वाटा अजून तिथेच आहे, आणि राहावा.

संध्याकाळी घरी आलो. अंघोळी झाल्या. शैलाने चहा ठेवला. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तिला सगळं सांगितलं. बैठकीत मी काय म्हणालो ते, मेथीचं, बसमधलं, आणि मामांनी मला विचारलेला प्रश्न. तुमाला कदी सोडलंय का त्यानं. हे मी आजवर तिला सांगितलं नव्हतं.

"तुम्ही काय म्हणालात?" तिने विचारलं.

"काहीच नाही. सोडलंच नव्हतं कधी. काय म्हणणार?"

तिने गॅस बंद केला. माझ्याकडे पाठ होती.

"आपलं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही आठवड्याने कामावर गेलात. मी सहा महिने प्रार्थना केली नाही. रोज रात्री तुमच्याशेजारी गुडघे टेकून नुसती बसायचे, तुम्ही मोठ्याने प्रार्थना करायचात आणि मी आमेन म्हणायचे. तुम्हाला कळलं नाही. शमुवेलमामांना कळलं. एका रविवारी पायऱ्यांवर मला म्हणाले, बाई, त्याच्यावर वरडा, त्याला चालतं. मी मागच्या अंगणात जाऊन ओरडले. म्हणून आज मी चर्चला येते."

मी स्टुलावर बसूनच होतो. चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एकाच घरात, एकाच खोलीत.

"शैला," मी म्हणालो, "मला वाटलं होतं..."

"तुम्हाला वाटलं होतं आपण सावरलो." तिने चहा गाळला, कप माझ्या हातात दिला. "यादी तुमच्याकडेच असते ना? पुढच्या वर्षी चौथ्यापुढे माझं नाव लिहा."

"तुझं? तू काय बोलणार?"

"ते तिथेच ऐका," ती म्हणाली. "आणि पुढच्या बाकावर बसा. मला रुमाल हलवायची पाळी आणू नका."